नोंदीची समान भाषा
(मिल्टन कीन्स येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आजचा विषय ऐकण्यास रुक्ष आहे. एका रुग्णालयाने लिहिलेली माहिती दुसऱ्या रुग्णालयाच्या संगणकास अचूक कळावी म्हणून ठरविलेले समान नियम, म्हणजेच मानके, हा तो विषय. हा तज्ज्ञांचा प्रांत; त्याच्याशी आपला संबंध काय, असे कोणीही विचारील. माझे उत्तर एका शब्दात आहे : सिकलसेल.

१९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी या नागपूरच्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या येथीलच वैद्यकीय नियतकालिकात मध्य भारतातील सिकलसेलविषयी लेख प्रसिद्ध केला. पुढील पाहण्यांतून विदर्भातील आपल्या समाजात, तसेच गोंड, परधान, भिल्ल, पावरा आदी आदिवासी जमातींत हा दोष मोठ्या प्रमाणावर असल्याचे स्पष्ट झाले. आई व वडील या दोघांकडून सदोष जनुक आले तर मूल रुग्ण होते. एकाकडूनच आले तर ते वाहक राहते आणि बहुधा धडधाकट आयुष्य जगते. नागपूर-चंद्रपूरकडे यांनाच 'एसएस पॅटर्न' आणि 'एएस पॅटर्न' म्हणतात. आई-वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्य रुग्ण होण्याची शक्यता चारांत एक असते. एका अक्षराचा हा फरक आहे. पण त्यावर एका घराचे भवितव्य ठरते.

आता अशी कल्पना करा की, वर्ध्याहून या शहरात आलेल्या एका गरोदर भगिनीच्या पिशवीत तिकडचा अहवाल आहे. त्यावर 'सिकलसेल पॉझिटिव्ह' एवढेच लिहिले आहे. प्राथमिक विद्राव्यता चाचणी दोषाचे अस्तित्व दाखविते, ती स्त्री वाहक आहे की रुग्ण हे सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. त्याच कागदावर हिमोग्लोबिन ९.२ असे आहे. भारतात ते दर डेसिलिटरला मोजतात, तर इंग्लंडमध्ये २०१३ पासून दर लिटरला. म्हणजे येथे तोच आकडा ९२ होतो. डॉक्टरच्या ध्यानात ही गोष्ट येते. संगणकाच्या मात्र येत नाही. आकड्याबरोबर एककही ठराविक रीतीने पाठविले, तरच त्यास अर्थ कळतो.

हा गोंधळ टाळण्यासाठीच मानके जन्मास आली. लफबरो येथील डॉ. जेम्स रीड यांनी १९८०च्या दशकात आपल्या दवाखान्यातील नोंदींसाठी सांकेतिक क्रमांक योजिले. त्या परंपरेचा अमेरिकन शब्दसंग्रहाशी संगम होऊन २००२ मध्ये 'स्नोमेड सीटी' सिद्ध झाले. २०१४ मध्ये भारत त्याचा सदस्य झाला आणि त्याचे तेथील काम पुण्याच्या सी-डॅककडे आले. वाहक आणि रुग्ण यांना त्यात वेगवेगळे क्रमांक आहेत, व ते पुण्यात आणि मिल्टन कीन्समध्ये एकच आहेत. स्नोमेड हा शब्दकोश मानला, तर २०११ मध्ये ग्रॅहम ग्रीव्ह या ऑस्ट्रेलियन तज्ज्ञाने मांडलेले 'फायर' हे लिफाफ्याचे ठरलेले माप होय : कोणती गोष्ट कोठे लिहावयाची, हे ते सांगते.

परंतु मानक तयार होणे निराळे आणि ते अंगवळणी पडणे निराळे. याचे उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. २००२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय संगणकीकरण कार्यक्रमाखाली येथील रुग्णालयात २००७ मध्ये नवी प्रणाली आली, तेव्हा तेथील कर्मचाऱ्यांनीच तिच्याविरुद्ध स्वाक्षऱ्यांचे पत्र दिले. वापरणाऱ्यांस न विचारता वरून लादलेल्या त्या कार्यक्रमाचा गाशा २०११ मध्ये गुंडाळण्यात आला. याच रुग्णालयाने २०१८ मध्ये नव्याने प्रणाली घेतली, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये रुग्णाची नोंद त्याच्या आयफोनवर देण्याची सोय ब्रिटनमध्ये सुरू झाली, तेव्हा आरंभीच्या दोन रुग्णालयांत ऑक्सफर्डबरोबर मिल्टन कीन्स होते. तिचा पाया 'फायर'च होता. (ज्याच्या हाती आयफोन नाही त्याचे काय, हा प्रश्न उरतोच.)

येथे मी एका वादग्रस्त मुद्द्याकडे वळतो. आपल्यातील काही सुशिक्षित मंडळी म्हणतात की, हा दोष आपल्यात अधिक, तर आरोग्याच्या नोंदीत जातीचाही रकाना असावा; मोजल्याखेरीज हक्क मिळत नाहीत, हे आपणांस ठाऊकच आहे. या युक्तिवादातील बळ मी नाकारीत नाही. तरीही माझा त्यास स्पष्ट विरोध आहे. पहिले कारण वैद्यकीय. हा दोष विदर्भातील कुणबी आणि तेली समाजांतही आढळला आहे. जात पाहून तपासणी केली तर ती मुले निसटतील. इंग्लंडमध्ये गरोदर स्त्रीस जात विचारीत नाहीत. कुटुंबाचे मूळ भारतात असल्याचे कळले की तपासणी देऊ केली जाते. नवजात बालकाची टाचेतील रक्ताची तपासणी तर २००६ पासून इंग्लंडभर सर्वांसाठी आहे. जातीवाचून काम चालते, किंबहुना अधिक चांगले चालते.

दुसरे कारण मानकांच्या स्वभावातच आहे. एकदा रकाना ठरला की, त्यातील मजकूर प्रत्येक लिफाफ्यातून प्रवास करतो आणि परत बोलाविता येत नाही. विदर्भात वाहक मुलीचे ठरलेले लग्न मोडते, हे आपण पाहिले आहे. त्या कागदावर जातही छापावयाची काय? ब्रिटिश संसदेने २०१३ मध्ये समता कायद्यात जातीच्या समावेशाची तरतूद केली. २०१८ मध्ये सरकारने तो करणार नसल्याचे जाहीर केले. असे संरक्षण नसताना ही माहिती यंत्राच्या हाती देणे मला मान्य नाही. गणना अवश्य व्हावी, परंतु ती निनावी पाहणीत. व्यक्तीच्या नोंदीत नव्हे.

भारतात १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. सात कोटी लोकांच्या तपासणीचे त्याचे उद्दिष्ट आहे. तेथील आभा क्रमांक चौदा अंकी, येथील एनएचएस क्रमांक दहा अंकी. दोघांची गाठ पडत नाही. रुग्णाचा आंतरराष्ट्रीय सारांश कसा असावा याचे मानक २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. पण त्यानुसार दोन्ही देश जोडले जाईपर्यंत कागद आपणच वाहून आणावयाचा आहे. त्यातही विवाहानंतर आपल्या भगिनींचे मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, म्हणून जुन्या अहवालावरील नावही डॉक्टरांस सांगावे.

त्या अहवालावर चाचणीची पद्धत, एएस की एसएस, हिमोग्लोबिन एसचे शेकडा प्रमाण, एकक आणि तारीख या गोष्टी असाव्यात. डॉक्टरांकडे त्याचे नुसते छायाचित्र साठवून घेऊ नये. छायाचित्रातील अर्थ प्रणालीला शोधता येत नाही. निदान संकेतांकासह नोंदवावे, अशी विनंती करावी. ज्यांच्याकडे तिकडचे जुने अहवाल आहेत, त्यांनी भोजनोत्तर मागील टेबलापाशी यावे. डॉक्टरांस काय विचारावयाचे, ते मी प्रत्येकास इंग्रजीत लिहून देईन.

जय भीम.