हिंसेचा दर आणि आपला जिल्हा



देशातील कोणत्या प्रांतात हिंसा अधिक, असा प्रश्न निघाला की उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते. उत्तरेकडे बोट दाखविले जाते आणि आपला महाराष्ट्र शांत, असे म्हणून समाधान मानले जाते. हे समाधान कितपत खरे आहे, याचा विचार आकड्यांच्या आधारे होणे इष्ट आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले. त्यांत उत्तर प्रदेश ३,४९१ गुन्ह्यांसह पहिला, बिहार २,९३० गुन्ह्यांसह दुसरा, तर महाराष्ट्र २,२९५ गुन्ह्यांसह तिसरा होता. परंतु गठ्ठ्याच्या एकूण किमतीवरून कापड महाग की स्वस्त हे बाजारात कोणी ठरवीत नाही; मीटरचा भाव विचारावा लागतो. हिंसेचेही तसेच आहे. दर लाख लोकसंख्येमागे पाहिले तर त्या वर्षी देशाचा दर २.१, महाराष्ट्राचा १.८, उत्तर प्रदेशाचा १.५ आणि झारखंडचा ४.० होता. म्हणजे ज्या प्रांताकडे बोट दाखविले जाते, त्याचा दर महाराष्ट्राहून कमी निघाला!

येथे आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते. वहीत नोंद कमी म्हणून व्यवहार कमी, असे अनुमान कोणताही जाणता हिशेबनीस काढणार नाही. खून सहसा लपत नाही. म्हणून प्रांताप्रांतांच्या तुलनेस तोच आकडा त्यातल्या त्यात विश्वासार्ह होय. मात्र मारहाण, अत्याचार, घरातील छळ यांची नोंद फिर्याद देणाऱ्याच्या धैर्यावर आणि ती घेणाऱ्याच्या तत्परतेवर अवलंबून असते. जेथे लोक निर्भयपणे पोलीस ठाण्यात जातात तेथे आकडा फुगतो. जेथे भीती असते तेथे कागद स्वच्छ राहतो. कमी आकडा हा नेहमीच शांतीचा दाखला नसतो.

मग हिंसा उपजते कोठून? त्याच अहवालात खुनाच्या कारणांत सर्वांत वरचे स्थान वादविवादांना आहे : ९,९६२ गुन्हे. वैयक्तिक वैमनस्यातून ३,७६१, तर धनलोभातून १,८८४ खून झाले. अर्थात दरोडेखोरापेक्षा न मिटलेले भांडण अधिक प्राणघातक ठरले.

पूर्वीचा अहमदनगर आणि २०२४ पासूनचा अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा. प्रांताप्रांतांतील अंतर या एकाच जिल्ह्यात गावागावांत दिसते. जामखेड तालुक्यातील खर्डा येथे एप्रिल २०१४ मध्ये एका दलित विद्यार्थ्याची हत्या झाली. कर्जत तालुक्यातील कोपर्डी येथे जुलै २०१६ मध्ये एका शाळकरी मुलीवर अत्याचार करून तिला ठार मारण्यात आले. दोन्ही खटल्यांचे निकाल नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्याच न्यायालयात लागले. कोपर्डी प्रकरणी तिघांना फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. खर्डा प्रकरणी अनेक साक्षीदार उलटले आणि आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदाराचे मौन न्यायाचा मार्ग कसा रोखते, याचे याहून क्लेशदायक उदाहरण दूर शोधावयास नको.

याच जिल्ह्याची दुसरी बाजूही आहे. लष्करातून निवृत्त होऊन श्री. अण्णा हजारे १९७५ मध्ये राळेगणसिद्धीस परतले, तेव्हा ते गाव दारूच्या भट्ट्यांनी ग्रासले होते. हिवरे बाजार येथेही दुष्काळ, दारू आणि मारामाऱ्या यांनी घर केले होते. १९८९ मध्ये श्री. पोपटराव पवार तेथे सरपंच झाले. नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री गावाने स्वीकारली. पाणी अडले, शेतीस काम मिळाले, ग्रामसभेत मोकळेपणाने बोलणे सुरू झाले. माणसे तीच होती, माती तीच होती. बदलली ती परिस्थिती आणि गावाची शिस्त. म्हणून हिंसा हा एखाद्या प्रांताचा अथवा जातीचा स्वभाव मानणे चुकीचे ठरते.

राज्य शासनाने १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम राबविली, ती याच जाणिवेतून. बांधाचा, पाण्याचा, वाटणीचा वाद चार वडीलधाऱ्यांनी वेळीच मिटवावा, हे योग्यच. परंतु अत्याचार आणि खून हे ‘मिटविण्याचे’ विषय नव्हेत. तेथे समेटाचा आग्रह म्हणजे पीडितावर दुसरा अन्याय होय.

भांडण लहान असताना मध्यस्थी आणि गुन्हा घडल्यावर निर्भय साक्ष, ही दोन कर्तव्ये ज्या समाजात पाळली जातात तेथे हिंसेला थारा मिळत नाही. अहिंसा केवळ ताटापुरती वा उपवासापुरती मर्यादित नाही. न्यायालयाच्या साक्षीच्या पिंजऱ्यात सत्य सांगणे हेही तिचेच पालन आहे. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी एवढा संकल्प झाला, तरी पुष्कळ साधले असे म्हणता येईल.

जय जिनेंद्र.