स्वागत, आणि एका कारखानदाराची मागणी



राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या या पुण्यात आपलं मनःपूर्वक स्वागत. स्वागताध्यक्षाने राहण्या-जेवण्याचं बघावं आणि भाषण आटोपतं घ्यावं, अशी रीत आहे. पण माझी हयात सॉल्व्हंटच्या धंद्यात गेली. परिषदेचा विषय इलेक्ट्रोलाइट असताना गप्प बसवत नाही.

2022 च्या मार्चमध्ये याच शहरात, लोहगाव भागात, विजेवरची एक स्कूटर रस्त्याकडेला पेटली. तिथे चूक कशाची, ते मी बोलत नाही. पण लिथियम-आयन सेलमध्ये सर्रास वापरलं जाणारं डायमिथाइल कार्बोनेट मी ओळखतो. त्याचा फ्लॅश पॉइंट 17 अंशांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या थंडीतल्या दुपारीही त्याच्या वाफेला एक ठिणगी पुरते.

दुसरी अडचण व्होल्टेजची. लिथियम-निकेल-मँगनीज ऑक्साइडचा कॅथोड 4.7 व्होल्ट देतो, तेही कोबाल्टशिवाय. मात्र 4.3 व्होल्टच्या पुढे कार्बोनेट तग धरत नाही. त्याचं ऑक्सिडेशन होतं, वायू सुटतो, सेल फुगतो. कॅथोड केव्हाचा तयार आहे, त्याला झेपेल असा द्रव हवा आहे.

तो आयनी द्रवांत सापडेल, अशी आशा आहे. पॉल वाल्डेन यांनी 1914 सालीच 12 अंशांना वितळणाऱ्या इथिलअमोनियम नायट्रेटची नोंद केली होती; हवेत आणि पाण्यात टिकणारे आयनी द्रव यायला 1992 उजाडलं. पायरोलिडिनियमचे आजचे द्रव 5 व्होल्टच्या घरात तग धरतात आणि त्यांची वाफ जवळजवळ होत नाही.

मग घोडं अडतं कुठे? नेहमीच्या पॉलिप्रॉपिलिनच्या सेपरेटरवर यांचा थेंब टाकून बघा. अळवावरच्या पाण्यासारखा तो तसाच उभा राहतो, छिद्रांत शिरतच नाही. दाटही फार, त्यामुळे लिथियमची चाल मंदावते. यावर प्रयोगशाळेतला तोडगा ठरलेला: काचतंतूंचा जाड सेपरेटर घ्यायचा, कॉइन सेलमध्ये द्रव सढळ हाताने ओतायचा आणि आलेख सुंदर काढायचा. रागावू नका, पण कारखान्यात त्या आलेखाचा मला उपयोग नाही. तिथे सेपरेटर पातळ असतो आणि एवढ्या महाग द्रवाच्या ग्रॅमाग्रॅमाचा हिशेब द्यावा लागतो.

म्हणून यजमान या नात्याने एक हक्काची मागणी. निबंध वाचताना दर ॲम्पिअर-तासाला इलेक्ट्रोलाइट किती ग्रॅम लागला, ते सांगा. सुकवल्यावर त्यात पाणी किती उरलं आणि बनवतानाचं क्लोराइड किती राहिलं, हेही सांगा. आणि चाचणी 25 अंशांवर थांबवू नका. नागपूरच्या मे महिन्यात गाडी 45 अंशांत उभी असते.

पोस्टर सत्रात मी हेच विचारत फिरणार आहे. विद्यार्थ्यांनी बिचकू नये, उत्तर आलं नाही तरी जेवण मिळेल! आता उद्घाटकांनी दीपप्रज्वलन करावं, अशी विनंती करतो.