दातावरून ओळख



घाटकोपरच्या टेकडीचा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. दख्खनवर हा लाव्हा थांबत थांबत वाहिला. मधल्या काळात तळी साचली, गाळ बसला. हैदराबादजवळच्या नस्कल येथे अशाच गाळात जी. व्ही. आर. प्रसाद व अशोक साहनी यांना सस्तन प्राण्याचे दात मिळाले. वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे. डायनोसॉरच्या शेवटच्या काळात भारतात सस्तन प्राणी होते, याचा हा पहिला पुरावा त्यांनी १९८८ साली जाहीर केला. प्राण्याचे नाव डेक्कनोलेस्टिस हिस्लोपी. नागपूर भागात जीवाश्म गोळा करणाऱ्या पाद्री हिस्लॉप यांच्यावरून.

सांगाडा नव्हताच. माती भिजवायची, चाळायची, उरलेला चुरा सूक्ष्मदर्शकाखाली दाणा दाणा निवडायचा. दात मोहरीएवढे! मग सस्तन कशावरून? घरी मुंडी येईल तेव्हा बोकडाची दाढ काढून पाहा: एकाहून अधिक मुळे, माथ्यावर चढउतार. सरड्याचा दात हाडाला नुसता चिकटलेला असतो, त्याला अशी मुळे नाहीत. शिवाय सस्तनांत वरच्या दाढेचा उंचवटा खालच्या दाढेच्या खळग्यात बसतो. तो आकार पाहून खाणेही ओळखता येते. डेक्कनोलेस्टिसच्या दाढांची टोके तीक्ष्ण आहेत, किड्यांचे कवच फोडण्याजोगी.