घंटाघरावरील ट्राँबोन

अमेरिकेंतील पेनसिल्व्हानिया प्रांतांत, लीहाय नदीच्या कांठीं, बेथलेहेम नांवाचें शहर आहे. मोरेव्हियन पंथाच्या लोकांनीं तें १७४१ सालीं वसविलें. रानांत तोडलेल्या ओंडक्यांच्या घरांत संसार मांडणाऱ्या या मंडळींनीं तेरा वर्षांच्या आंत, १७५४ मध्यें, युरोपांतून ट्राँबोनांचा एक संच आणविला. तेव्हां उभा राहिलेला वाद्यवृंद आजही त्या शहरांत वाजत आहे.

ट्राँबोन हें पितळेचें लांब नळीचें वाद्य. नळी पुढेंमागें सरकवून त्यांतून सूर काढतात. लहानमोठ्या चार आकारांचीं वाद्यें एकत्र आलीं म्हणजे मानवी कंठाच्या चार पट्ट्या सिद्ध होतात. त्यांत सर्वांत मोठें वाद्य खर्ज सांभाळतें. थंडींत नळींतील हवा गारठली कीं सूर उतरतो. परंतु नळी किंचित् आंत ओढून वादकास तो सांवरतां येतो. उघड्यावर वाजविण्यास हें वाद्य सोयीचें पडलें, यांत नवल नाहीं.

त्याच्या निवडीस आणखीही एक अर्थ आहे. मृतांना जागविणाऱ्या अखेरच्या तुतारीसाठीं ल्यूथरच्या जर्मन बायबलांत जो शब्द आहे, तोच जर्मन भाषेंत ट्राँबोनचेंही नांव होय. म्हणून मृत्यु आणि पुनरुत्थान या दोन्ही प्रसंगीं या लोकांना ट्राँबोनच हवें असे.

पूर्वीं गांवांत कोणी निवर्तलें कीं वादक उंच जागीं चढून तीन सुरावटी वाजवीत. पहिली कानीं पडतांच लोकांच्या हातांतील काम थांबे. दुसरी सुरावट मृताचा वर्ग सांगे. कारण वस्तींतील माणसें विवाहित, अविवाहित, विधवा, विधुर, मुलें अशा वर्गांत विभागलेलीं असत, व प्रत्येक वर्गाची सुरावट ठरलेली होती. शेवटीं पहिलीच सुरावट पुन्हा वाजे. नांव कोणी उच्चारीत नसे. पण कोणत्या घरीं कोण अंथरुणास खिळलें आहे हें शेजाऱ्यांना ठाऊक असे, आणि तेवढ्यावरून त्यांना सारें समजे. श्रीमंताला मोठा गजर व गरिबाला लहान, असा भेद तेथें नव्हता. दफनभूमींतील शिळाही अशाच साध्या आणि जमिनीसरशा बसविलेल्या आहेत. ईस्टरच्या दिवशीं पहाटेपूर्वींच वादक अंधाऱ्या रस्त्यांतून वाजवीत फिरतात व लोकांना जागें करतात. सूर्योदयाचें स्वागत त्याच दफनभूमींत होतें.

हे वादक धंदेवाईक नव्हेत. एकोणिसाव्या शतकांत या वृंदांत वाजविणारा जेदेदाया वाइस (१७९६–१८७३) हा पोटापाण्यासाठीं घड्याळें करी. मूळचा हा पुरुषांचा वृंद. पुढें स्त्रियांनाही त्यांत स्थान मिळालें. २७ मार्च १९०० रोजीं बाखच्या बी मायनर मासचें अमेरिकेंतील पहिलें संपूर्ण गायन बेथलेहेमच्या मोरेव्हियन चर्चमध्यें झालें, तेव्हां रसिकांना बोलावणें धाडलें तें याच ट्राँबोनांनीं, घंटाघरावरून. वादक दिसत नव्हते. ऐकूं मात्र सर्वांना येत होते.

जुलै २०२४ मध्यें नवी दिल्ली येथें भरलेल्या जागतिक वारसा समितीच्या बैठकींत या वसाहतीच्या जुन्या इमारतींना वारशाच्या यादींत स्थान मिळालें. दगडी भिंतींना अशा संरक्षणाचा उपयोग होतो. सुराचें तसें नाहीं. तो कोणाच्या तरी छातींतील श्वासावर जगतो, आणि श्वास तर पिढीगणिक बदलतो. म्हणून थंडीच्या पहाटे उठून, टाळ्यांची अपेक्षा न ठेवतां, म्हाताऱ्याशेजारीं उभें राहून सूर धरणारा एक तरुण प्रत्येक पिढींत लागतो. १७५४ पासून बेथलेहेमला तो मिळत आला आहे. पुढेंही तो मिळाला तरच घंटाघर बोलेल.