पायांची आग : मधुमेहाचा इशारा



मधुमेह हा आता केवळ महानगरांचा रोग राहिलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. सौंदडसारख्या धानपट्ट्यातील गावांनाही तो अपरिचित नाही.

रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली, की मज्जातंतूंना आणि त्यांना रक्त पुरविणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांना इजा पोहोचते. सर्वांत लांब मज्जातंतू पावलांपर्यंत जातात, म्हणून त्रासाचा आरंभ बोटांपासून होतो. मुंग्या येतात, टाचण्या टोचल्यासारखे वाटते, तळवे जळतात. रात्री हा दाह वाढतो. कित्येकांना चादरीचा स्पर्शही सोसवत नाही.

यावर पहिला उपाय म्हणजे साखरेचे नियंत्रण. त्याने झिजलेला तंतू पूर्ववत होईलच असे नाही, परंतु पुढील हानी मंदावते. वेदनेसाठी अमिट्रिप्टिलीन, ड्युलॉक्सेटीन, प्रीगॅबलिन, गॅबापेंटिन ही औषधे वैद्यकीय सल्ल्याने दिली जातात. गुण येण्यास काही आठवडे लागू शकतात. सुस्ती वा चक्कर येण्याचा संभव असल्याने वृद्धांनी विशेष जपावे. ती स्वतःच्या मनाने सुरू वा एकाएकी बंद करू नयेत. अंगदुखीच्या नेहमीच्या गोळ्यांचा या वेदनेवर फारसा उपयोग होत नाही. उलट मूत्रपिंडास अपाय होऊ शकतो.

शाकाहारी समाजाने आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य आहारातून जवळजवळ मिळतच नाही, आणि दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेतल्याने त्याचे प्रमाण आणखी घटू शकते. या कमतरतेमुळेही पायांची आग होते. एका साध्या रक्ततपासणीने निदान होते आणि गोळ्या वा इंजेक्शनने ती भरून काढता येते. आहारव्रत सोडण्याचे कारण उरत नाही.

खरा धोका मात्र वेदना थांबल्यावर सुरू होतो. आग शमली म्हणून रोगी समाधान मानतो. प्रत्यक्षात अनेकदा संवेदनाच नष्ट झालेली असते. मग काटा रुतला, गरम पाण्याने भाजले, तरी कळत नाही. जखम चिघळते आणि प्रसंगी पाय गमवावा लागतो. मंदिरातील दुपारी तापलेली फरशी किंवा सम्मेद शिखरजीची सुमारे २७ किलोमीटरची अनवाणी वंदना अशा पावलांना घातक ठरू शकते. अशांनी डॉक्टरांना विचारूनच वंदनेचा संकल्प करावा. रोज रात्री तळवे आरशात किंवा घरच्यांकडून पाहून घ्यावेत. मोजे फिक्या रंगाचे, सुती असावेत, म्हणजे रक्ताचा डागही त्वरित दिसतो.

या कार्यात विदर्भ मागे नाही. मधुमेही पावलांच्या रक्षणासाठी डॉक्टर व परिचारिकांना प्रशिक्षण देणारा ‘स्टेप बाय स्टेप’ हा उपक्रम २००४ मध्ये भारतात व टांझानियात सुरू झाला. त्यात नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांचा पुढाकार होता. पाऊल तपासण्यास महागडे यंत्र लागत नाही. नायलॉनचा एक तंतू तळव्याला टेकवून संवेदना पारखता येते. प्रत्येक मधुमेह्याने वर्षातून एकदा तरी ही तपासणी करून घ्यावी.

चेहरा आपण रोज आरशात न्याहाळतो. देहाचा भार वाहणाऱ्या पावलांकडेही दिवसातून एकदा पाहिले, तर अनेक पाय वाचतील.

जय जिनेंद्र.