नाण्यावरचा दुसरा ठसा

बाजारात रुपयाचे मोल त्याच्या दर्शनी किमतीवरून ठरत असले, तरी जाणकार संग्राहक त्यावरील परक्या हाताच्या खुणाच न्याहाळतो. 1906 साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे गवसलेल्या 13,000 हून अधिक रौप्यमुद्रांपैकी बहुसंख्य मुद्रांवर, क्षत्रप नहपानाच्या मुखाकृतीवरच गौतमीपुत्र सातकर्णीने चैत्य व उज्जयिनीचिन्ह ठोकून आपल्या विजयाची द्वाही फिरविली. अमेरिकेतही 1913 नंतरच्या निकेल नाण्यांवर भटक्या कारागिरांनी नवे चेहरे कोरले. आपल्याकडे रुपयांना कड्या डाकून माळा ओवल्या गेल्या. अशी नाणी घासून लख्ख करू नयेत, आणि भूमिगत धन सापडल्यास 1878 च्या कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यांस वर्दी द्यावी.