पेशीतली वीज

मे-जूनच्या उन्हाळ्यात फरीदाबादच्या कारखान्यात भट्टीजवळ पाळी करणारा कामगार घामावाटे नुसतं पाणी नाही, मीठही गमावतो. त्या मिठातल्या सोडियमशी आपल्या पेशींच्या विजेचा जवळचा संबंध आहे.

पेशीबाहेर सोडियम जास्त, आत पोटॅशियम जास्त. पोटॅशियम बाहेर लिटरमागे सुमारे ४ मिलिमोल, तर आत १४० च्या आसपास! हा फरक राखतो पेशीच्या पटलातला एक पंप. दर फेरीला ३ सोडियम बाहेर, २ पोटॅशियम आत. मग थोडं पोटॅशियम आपल्या खास वाटांनी बाहेर झिरपतं आणि पेशीची आतली बाजू ऋण होते. चेतापेशीत हे विभवांतर सुमारे ७० मिलिव्होल्ट असतं. आकडा किरकोळ वाटेल, पण पटलाची जाडी जेमतेम ७ नॅनोमीटर. त्या हिशेबाने मीटरला १ कोटी व्होल्ट! किती विलक्षण आहे हे.

डेन्मार्कच्या येन्स स्को यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या चेतांमध्ये हा पंप ओळखला. नोबेल मिळालं १९९७ मध्ये.

जलसंजीवनीचं काम याच पंपाच्या जोरावर चालतं. आतड्याच्या पेशीतलं सोडियम तो उपसत राहतो, म्हणून नवं सोडियम आत शिरतं, सोबत ग्लुकोज नेतं आणि पाणी त्यांच्या मागोमाग जातं. जुलाबात म्हणूनच साखर आणि मीठ दोन्ही हवं: लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचाच घ्या.